दहिवडीचा माठ, महाबळेश्वरची शाल

माझी मामी दहिवडीजवळच्या एका वाडीत राहते. उन्हाळ्यात तिच्याकडे गेलं की पहिला मान माठाचा. पडवीत दाराच्या आडोशाला तिवईवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, वर झाकणी आणि झाकणीवर उपडा तांब्या. बाहेर ऊन मी म्हणत असतं, गोठ्याचा पत्रा तापून चटका देत असतो आणि त्या माठातलं पाणी पिताना दातांतून कळ जाते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी ते पाणी पिऊन सकाळी अकराला निघाले, साताऱ्यात घरी येऊन जेवले आणि कामासाठी संध्याकाळी महाबळेश्वरला पोचले. तिथे एस.टी.तून उतरल्या उतरल्या शाल काढावी लागली. जिल्हा तोच, दिवस तोच.

दहिवडी ते महाबळेश्वर सरळ रेषेत मोजलं तर शंभर किलोमीटरसुद्धा भरत नाही. तेवढ्यात वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपासून ५,५०० मिलिमीटरच्या वर जातो. हा पावसाचा फरक आपण शाळेतच शिकतो. होळीपासून मृगापर्यंत पाऊस नसताना हवा कशी पालटते, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. ‘हवा लहरी झालीय’ म्हणून आपण पंख्याखाली बसतो. नाहीतर सुट्टीच्या दिवशी भर बारा वाजता किल्ला चढायला जातो आणि डोकं धरून परत येतो. मला दोन्हीचं वाईट वाटतं, कारण वर्षातले फार देखणे दिवस असे हातचे जातात. आपण किती उंचावर आहोत, हवेत पाणी किती आहे आणि घड्याळात किती वाजलेत, या तीन गोष्टी कळल्या की या हवेचा बराचसा उलगडा होतो आणि वसंतातला जवळपास प्रत्येक दिवस थोडा तरी बाहेर घालवता येतो.

घाट चढताना काय होतं

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास आणि महाबळेश्वर १,३५० मीटरच्या वर. दुपारी तीनला वाईतून निघून पसरणी घाट चढायला लागलात तर गाडीच्या काचा खाली ठेवा. निम्म्या घाटापर्यंत तोंडावर झळा येतात. मग एका वळणावर वारा बदलतो आणि कानाला पहिल्यांदा गार लागतं.

डोंगरावर गेलं की सूर्य जवळ येतो, मग तिथे जास्त तापायला हवं, असं लहानपणी मला वाटायचं. पण सूर्य हवेला थेट फारसा तापवत नाही. त्याचं ऊन हवेतून आरपार येऊन जमीन तापवतं आणि तापलेली जमीन तिला लागून असलेली हवा तापवते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते, आणि फुगण्यात तिच्याजवळची उष्णता खर्ची पडते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली की ती बोटाला गार लागते ना, तसंच. कोरडी हवा एक किलोमीटर वर चढली की सुमारे १० अंशांनी गार होते. वाई ते पाचगणी ही चढण ६०० मीटरची, म्हणजे वाईत ३७ अंश असताना पाचगणीत ३१ च्या आसपास.

हा हिशेब दुपारचा आहे. पहाटे तो चक्क उलटू शकतो. रात्री डोंगरउतारावरची हवा गार होऊन जड होते आणि पाणी वाहावं तशी उतारावरून खाली ओघळत दरीत साचते. वाईचं खोरं तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं, एखाद्या परातीसारखं. मार्चमधल्या पहाटे पाचला कृष्णेच्या घाटावर उभं राहिलात तर पायऱ्यांवर जी गार हवा पायांना लागते, ती रात्रभर डोंगरावरून उतरलेली असते. अशा पहाटे वर पाचगणीच्या कड्यावर खालच्यापेक्षा उबदार असल्याचंही अनुभवाला येतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. पहाट वाईत नदीवर काढायची, ढोल्या गणपतीचं दर्शन घ्यायचं, कुठेतरी मिसळ खायची आणि ऊन चढायला लागलं की आपणही घाट चढायचा.

माठ निवतो कसा

आता मामीच्या माठाकडे येऊ, कारण मला हवेबद्दल जे काही समजलं त्यातलं निम्मं या माठाने शिकवलं.

भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेरच्या अंगावर येतं आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती माठातल्या उरलेल्या पाण्याकडून घेतली जाते. हिशेब बघा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी लागतात आणि एक ग्रॅम पाणी एका अंशाने गार व्हायला एकच कॅलरी काढून घ्यावी लागते. म्हणजे चमचाभर पाणी माठाच्या अंगावरून उडालं, की आतलं पाव लिटरहून जास्त पाणी दहा अंशांनी निवतं.

पण पाणी उडायला हवेत जागा हवी. मामीच्या माण तालुक्यातली एप्रिलची दुपार म्हणजे कोरडं ठाक फडकं, जिथे लावाल तिथलं पाणी टिपून घेणारं. चिपळूणची हवा म्हणजे आधीच भिजलेलं फडकं. म्हणून तोच माठ चिपळूणला नेलात तर पाणी जेमतेम गार होईल. सह्याद्रीची भिंत मधे उभी आहे. समुद्रावरची दमट हवा दिवसाचा बराच वेळ कोकणातच अडकते, आणि माणदेशापर्यंत पोचतात ते जमिनीवरून लांबून आलेले कोरडे वारे. सातारा शहर या दोघांच्या मधलं. इथे दुपारी माणासारखी कोरडी झळ असते आणि साडेपाच-सहाला यवतेश्वराच्या अंगाने पश्चिमेचा वारा उतरला की त्यात किंचित ओल जाणवते. समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. दिवसभर तापलेल्या पठाराकडे त्याची हवा ओढली जाते आणि घाटातल्या खिंडींमधून वाट काढत संध्याकाळपर्यंत आपल्या गच्चीवर येते. साताऱ्यातली माणसं एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर का जातात, त्याचं उत्तर या वाऱ्यात आहे.

आपलं शरीरही माठासारखंच निवतं, घामाने. कोकणात घामाच्या धारा लागतात, माणूस वैतागतो पण पाणी पीत राहतो. माणात, खटावात घाम दिसतच नाही. तो कातडीवर येतो तोच उडतो. माणसाला वाटतं आपल्याला काही घाम आला नाही, आणि संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. डोकं दुखायला लागलं म्हणजे उशीर झालेला असतो. कोरड्या भागात फिरताना तहान लागायची वाट बघू नका. अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी प्या, मधे मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं घ्या. डोक्याला टॉवेल गुंडाळण्याची तिकडची रीत आहे, तो टॉवेल ओला करून गुंडाळा. म्हणजे डोक्यावरच माठ घेतल्यासारखं होतं.

याच कोरडेपणामुळे माणदेशातली रात्र सुंदर असते. हवेतली वाफ आणि ढग हे जमिनीवरचं पांघरूण आहे. कोकणात ते पांघरूण जाड, म्हणून दिवसाची उष्णता रात्रीही अडकून राहते. माणात ते नाहीच. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता उघड्या आभाळाकडे भराभर सोडून देते. दुपारच्या आणि पहाटेच्या तापमानात पंधरा-पंधरा अंशांचा फरक पडतो. मामीकडे आम्ही गच्चीवर झोपायचो. रात्री दहाला अंगावर चादर नको असायची आणि पहाटे चारला वाकळेसाठी ओढाओढ चालायची. तिथलं आभाळही तसंच स्वच्छ. एप्रिलच्या रात्री नऊ वाजता उत्तरेकडे तोंड करून पडलात की सप्तर्षी डोक्यावर चढलेले दिसतात.

चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरते. मुंगी घाटाची ती उभी चढण लोक खांद्यावर कावडी घेऊन चढतात. यात्रेला जाऊन भक्ती आणि ऊन दोन्ही सोसायची तयारी असेल तर जरूर जा. एरवी माणदेशाची खरी मजा पहाटे साडेचार ते सकाळी नऊ. महिमानगड, वर्धनगड हे लहान किल्ले त्या वेळात आरामात होतात. दुपारी माळावर बघायला एकच गोष्ट असते, ती सावलीत बसून बघावी, ती म्हणजे वावटळ. शाळू काढून मोकळ्या झालेल्या रानाचा एखादा तुकडा शेजारच्यापेक्षा जास्त तापतो, तिथली हवा एकदम वर उसळते, आजूबाजूची हवा ती जागा भरायला धावते आणि धावताना गिरकी घेते. पाचोळा, धूळ, शाळूची पानं घेऊन उभा खांब चालायला लागतो. आभाळ निरभ्र असतं, ढगाचा पत्ता नसतो. लहानपणी आम्हाला त्यात भूत असतं म्हणून सांगायचे. आत तापलेल्या रानाची उसळलेली हवा असते, आणि हे कळल्यावर मला ती जास्तच आवडायला लागली.

कोरड्या हवेचा सर्वांत जुना आणि मोठा उपयोग आपल्या घरांनीच केला आहे, तो म्हणजे वाळवण. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून पहाटे कुरडया घालायच्या, सांडगे तोडायचे, आणि पोरांना काठी देऊन कावळे हाकायला बसवायचं. वसंतात घराबाहेर राहण्याचा याहून चांगला बहाणा कुणी शोधला असेल असं मला वाटत नाही. सांगलीकडे तासगाव, कवठे महांकाळच्या बाजूला हेच वाळवण शेडच्या मापाने चालतं. द्राक्षं द्रावणात बुडवून जाळ्यांच्या थरांवर पसरतात, वर छप्पर, चारी बाजू वाऱ्याला मोकळ्या, आणि पंधरा-एक दिवसांत बेदाणा तयार. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेतकऱ्याची मेहनत आणि द्राक्षाचा वाण तर आहेच, पण मार्च-एप्रिलमधल्या या कोरड्या वाऱ्याचाही त्यात वाटा आहे. ऐन वाळवणात हवा दमट झाली किंवा पाऊस आला तर बेदाण्याचा रंग जातो आणि वर्षाचा भाव पडतो. म्हणून तिकडची माणसं या दिवसांत आभाळाकडे ज्या नजरेने बघतात, ती फिरायला आलेल्या माणसाने ओळखावी. आपल्याला हवासा वाटणारा गारवा कुणाच्या तरी शेडवर संकट म्हणून उतरत असतो.

वळीव

‘आगं, आज माठ निवला न्हाई.’

मामीचं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. एखाद्या दिवशी सकाळपासून ऊन तेवढंच असतं, पण माठातलं पाणी कोमट लागतं, मीठ पाघळल्यासारखं होतं, गादीला अंग चिकटतं. मामी मामांना सांगायची, ‘कडब्यावर कागद टाकून घ्या,’ आणि वाळत घातलेल्या कुरडया दुपारीच आत यायच्या. बहुतेक वेळा चार-पाच वाजता आभाळ फिरायचं. माठ निवला नाही याचा अर्थ हवेत पाणी आलं. कोरडं फडकं भिजलं. अरबी समुद्रावरून किंवा थेट बंगालच्या उपसागराकडून दमट वारा येऊन पोचल्याची ती खूण. तेव्हा आम्हा पोरांना त्यातलं विज्ञान ठाऊक नव्हतं. मामीला हवा ठाऊक होती.

वळवाला तीन गोष्टी लागतात: तापलेली जमीन, हवेत पाणी आणि ती हवा वर ढकलणारं काहीतरी. हवामानाच्या बातमीत ‘विदर्भापासून केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा’ असं ऐकू येतं, तो हा तिसरा घटक. त्या रेषेच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या दिशांचे वारे येऊन भिडतात आणि भिडल्यावर हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. डोंगराची सोंडही हेच काम करते.

दुपारी एक-दोनला आभाळात कापसाचे पुंजके दिसायला लागतात. ते विरून गेले तर काही नाही. पण एखादा पुंजका उभा वाढायला लागला, त्याच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या रेखीव दिसायला लागल्या, तर लक्ष ठेवा. वाढत वाढत तो बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. तिथे त्याला वर सरकता येत नाही, मग डोकं सपाट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखं पसरतं. ऐरण दिसली की तो ढग पक्का झाला समजायचं. पावसाळ्याचे ढग आपल्याकडे पश्चिमेकडून येतात, वळवाचे मात्र बहुतेकदा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून. साताऱ्यातली जुनी माणसं म्हणूनच मेमध्ये कोरेगावच्या बाजूला बघतात.

पावसाआधी जो भणाण वारा सुटतो, त्यात पुन्हा माठच आहे. ढगातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेतून येताना वाटेत उडून जातात. उडताना ते हवेची उष्णता घेतात. हवेचा अख्खा खांब माठासारखा निवतो, गार झाला म्हणून जड होतो आणि धाडकन जमिनीवर कोसळतो. जमिनीवर आपटून तो चहूकडे पसरतो, धूळ उडवतो, पत्रे उचकटतो. पाच-दहा मिनिटांत तापमान दहा अंशांनी उतरतं. या वाऱ्यावरच मातीचा वास येतो. आपल्याकडे अजून थेंब नसतो, पण ज्या शिवारात पाऊस पडला तिथला वास हा वारा पुढे घेऊन येतो. तो वास मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात त्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा आणि तापलेल्या दगडमातीत शोषल्या गेलेल्या वनस्पतींच्या तेलांचा असतो. १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी त्याला ‘पेट्रिकोर’ नाव दिलं. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले तो वास त्याच्या कितीतरी आधीपासून बाटलीत भरत होते.

तीन वर्षांपूर्वी मेमध्ये मी भाच्याला घेऊन जरंडेश्वराच्या डोंगरावर गेले होते. उतरताना चार वाजले. पूर्वेला ऐरण दिसत होती, पण ती लांब आहे असं मी धरून चालले. ती माझी चूक. वारा सुटला, पहिले टपोरे थेंब आले आणि आम्ही पळत एका आंब्याखाली उभे राहिलो. खालच्या वाटेवर मेंढरं हाकणारे एक धनगर बाबा जिवाच्या आकांताने ओरडले, ‘झाडाखाली थांबू नगा! खाली घरात चला!’ आम्ही धावत पायथ्याच्या एका घराची ओसरी गाठली आणि घरातल्या माउलीने दोघांना आत ओढून घेतलं. त्यानंतर दहा मिनिटं गारा पडल्या. पत्र्यावर इतका आवाज होता की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. थांबल्यावर भाच्याने टोपी भरून गारा वेचल्या. त्यातली एक बोराएवढी गार मी त्या माउलींच्या विळीवर कापली. आत कांद्यासारखे थर होते: मधे दुधी ठिपका, भोवती काचेसारखं पारदर्शक कडं, त्याभोवती पुन्हा दुधी.

खाली ३८ अंश असताना बर्फ कुठून येतो? उन्हाळ्यातसुद्धा आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटरला तापमान शून्य होतं आणि ढगाच्या माथ्याशी ते उणे पन्नासच्याही खाली असतं. वर जाणारा झोत थेंबांना तिथे नेतो. बर्फाच्या कणावर शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी आपटतं. ते सावकाश गोठलं तर हवेचे बुडबुडे निघून जातात आणि थर पारदर्शक होतो. झटकन गोठलं तर बुडबुडे अडकतात आणि थर दुधी दिसतो. झोताला पेलवत नाही इतकी जड झाली की गार खाली येते. खालची उष्ण हवा तिला वितळवते, पण ती इतक्या वेगाने येते की पूर्ण वितळायला वेळ मिळत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अशीच गारपीट महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत दिवसामागून दिवस झाली आणि उभी पिकं झोपली. गारा वेचण्याचा आनंद आहेच, मीही तो घेते, पण तो घेताना शेजारच्या शिवाराची आठवण ठेवते.

विजेबद्दल मी कुणालाही आग्रहाने सांगते. लखलखाट दिसला की मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद, त्याला तीनने भागा, तितके किलोमीटर वीज लांब. सेकंदांचा आकडा तीसच्या आत आला की पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या चारचाकीत जायचं आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. एकटं झाड, पठाराचा उघडा माथा, तारेचं कुंपण, पाण्याचा काठ यांपासून लांब. काहीच आडोसा नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं ‘दामिनी’ हे ॲप आपल्या जवळपास वीज कुठे पडते आहे ते दाखवतं, ते फोनमध्ये असू द्या.

अंदाजातला एक शब्दही समजून घ्या. हवामान विभाग ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणतो तेव्हा त्या भागातल्या फार तर चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. वळवाचा एक ढग काही किलोमीटर रुंद असतो आणि तास-दीड तासात संपतो. म्हणून रहिमतपूरला चिखल आणि कोरेगावला धुरळा, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. अंदाज चुकला म्हणून शिव्या देण्याआधी शेजारच्या गावी फोन करून बघावा.

कुठे, केव्हा

फेब्रुवारी सरता सरता काटेसावर आणि पांगारा फुलतात, होळीला पळस. पानं गळून गेलेल्या झाडावर नुसती लाल-केशरी फुलं, आणि त्यावर मैनांची, कोतवालांची गर्दी. हे बघायला घाटमाथा गाठायची गरज नाही, गावाबाहेरच्या माळाला एखादा पळस असतोच. महाबळेश्वरच्या रानात याच सुमारास अंजनीच्या खोडांना, फांद्यांना जांभळ्या-निळ्या फुलांचे झुपके येतात. पर्यटक स्ट्रॉबेरी घेऊन पॉइंटवर जातात आणि रस्त्याकडेची ही निळाई कुणाच्या नजरेला पडत नाही. एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं आणि बहावा. कासला लोक फुलांसाठी सप्टेंबरात जातात. मी सांगेन, एकदा एप्रिलच्या सकाळी सातला जा. पठार कोरडं, जांभ्याचा कातळ उघडा, आणि वर चंडोल गात असतो. पाच महिने आधी हे पठार किती रिकामं असतं हे बघितल्याशिवाय सप्टेंबरातली फुलं पूर्ण कळत नाहीत.

मेच्या अखेरीला कोयनेच्या खोऱ्यात पहिल्या सरी झाल्या की काजवे येतात. दिवसा उकाडा, रात्री अख्खं झाड लुकलुकतं. तिथे टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवायचे, कारण तो उजेड म्हणजे नर-मादीचं बोलणं असतं आणि आपल्या दिव्यात ते बुडून जातं.

आणखी एक दिवस राखून ठेवा. १० मेच्या आसपास साताऱ्यात, ७ मेच्या आसपास सांगलीत, सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमाराला बरोबर डोक्यावर येतो. उभी काठी रोवून बघा, तिची सावली तिच्याच बुडात शिरते. अंगणात तांब्या ठेवला तर त्याला सावली नसते. लहान मुलांना हे एकदा दाखवलं की विसरत नाहीत.

दोन गोष्टींची मात्र मला खरोखर चीड येते. वाळलेल्या गवताला काडी लावायची सवय आणि किल्ल्यावर चूल पेटवणं. मार्चनंतर डोंगराचं गवत म्हणजे पेटायला टपलेला कडबा असतो. दुपारच्या वाऱ्यात वणवा घोड्यासारखा धावतो आणि त्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरडे, रोपं सगळं जातं. ‘जाळल्याने गवत चांगलं येतं’ हा समज जुना आहे. पण वणव्यात उघडी पडलेली माती पहिल्याच जोरदार पावसात वाहून जाते. दुसरं म्हणजे चूल, कारण जवळच कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. धूर आणि उग्र अत्तर या दोन गोष्टींनी माश्या उठतात. या दिवसांत किल्ल्यावर जाताना अंगाला काही लावू नका आणि आरडाओरडा टाळा.

हे लिहीत असताना मामीचा फोन आला. तिने पाटीभर सांडगे घातले होते आणि ते अर्धवट वाळलेले असतानाच आत घेतलेत म्हणाली. ‘तिकडं कसा हाय माठ?’ मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तांब्याभर पाणी घेतलं. कोमट होतं. गच्चीवर माझ्याही कुरडया आहेत. कोरेगावच्या बाजूला आभाळ पांढरं दिसतंय आणि दुपारचे अडीच वाजलेत.